शून्य रुपयांचं तिकीट: मशीन हातात आल्यापासून हिशेब सुटेपर्यंत

एसटीच्या वाहकाची कामगिरी सुरू होते ती तिकीट व रोकड शाखेच्या खिडकीवर. तिकिटाचं मशीन, वेबिल (फेऱ्यांच्या हिशेबाचा कागद), कागदी तिकिटांचा ट्रे आणि मशीनचे रोल एकदमच ताब्यात मिळतात. सही केली की त्यातल्या एकेका वस्तूचा जाब आपल्यालाच द्यायचा असतो. गाडी फलाटाला लागलेली असते, वाहतूक नियंत्रक हाका मारत असतो, प्रवासी काचेवर थापा मारून रुमाल टाकत असतात. तरी खिडकीवरची पाच मिनिटं वाचवू नयेत. रात्री हिशेबाला जी भानगड निघते, तिचं मूळ बहुतेक वेळा या पाच मिनिटांत असतं.

आधी तारीख आणि वेळ बघायची. मशीन रात्रभर बंद पडून राहिलं असेल तर घड्याळ मागे गेलेलं असू शकतं, आणि मग दिवसभराच्या तिकिटांवर कालची तारीख छापली जाते. मग पडद्यावरचा वेबिल क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडायचा, आपला बिल्ला क्रमांक बघायचा, आधीच्या कामगिरीचा हिशेब बंद होऊन आकडा शून्यावर आलाय का ते बघायचं. तो शून्यावर नसेल तर मशीन तिथल्या तिथे परत करावं. शेवटी भाडेतक्ता. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, साध्या गाडीचा टप्प्याचा (६ किलोमीटरचा) दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. असा बदल झाला की नवा तक्ता प्रत्येक मशीनमध्ये उतरावा लागतो. मुक्कामी गाडीबरोबर खेड्यात असलेलं मशीन दुसऱ्या दिवशीही जुन्याच दराने तिकीट काढू शकतं. म्हणून दर बदलले की नेहमीच्या दोन गावांमधलं भाडं पडद्यावर काढून बघायचं आणि नव्या पत्रकाशी जुळवायचं.

रोल घालताना एक साधी परीक्षा आहे. कागदावर नखाने ओरखडा काढायचा. काळी रेघ उमटली ती बाजू छपाईची. उलटा बसवला तर मशीन खुशाल तिकीट 'काढतं', नोंदही होते, हातात मात्र कोरा कागद येतो. हा कागद शाईवर चालत नाही, उष्णतेवर चालतो, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याचीच अडचण होते. बॉनेटवर किंवा काचेजवळ उन्हात ठेवलेला रोल आधीच करपतो, त्यावरचं तिकीट वाचताच येत नाही. जादा रोल पिशवीत, सावलीत ठेवावेत. उन्हाने मशीनही तापतं, आणि तापलेलं मशीन चार्जिंगला लावलं तर बॅटरी भरतच नाही. ते आधी थंड होऊ द्यायचं.

आता टप्पा. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर बसवलेलं आहे. ६२ किलोमीटरचा प्रवास म्हणजे १० टप्पे आणि वर २ किलोमीटर, पण तो अकरावा टप्पा पूर्ण धरला जातो. १० रुपये ५ पैशांनी ११ टप्प्यांचे ११० रुपये ५५ पैसे होतात. त्यात अपघात सहाय्यता निधीचा १ रुपया मिळवून पूर्णांक केला जातो. हे गणित मशीन बिनचूक करतं. मशीनला कळत नाही ते इतकंच की गाडी आत्ता कुठे आहे. ते वाहकाने सांगायचं असतं, आणि सगळी स्वयंचलित भाडेवसुली या एका बटणावर टेकलेली आहे.

लातूरहून उदगीरला निघालेली गाडी आष्टामोडला आली की एकदम वीस-पंचवीस माणसं चढतात. मागचे अजून तिकिटाविना असतात, पुढचे हात पुढे करून उभे असतात. टप्पा बदलायचा राहिला तर आष्टामोडला चढलेल्याला लातूरपासूनचं भाडं लागतं, आणि तो भांडतो तेव्हा त्याचंच खरं असतं. उलट लातूरचे प्रवासी उरकायच्या आत टप्पा पुढे केला तर त्यांची तिकिटं आष्टामोडपासूनची निघतात. तिथे कुणी भांडत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. मार्ग तपासणी पथकाला ते तिकीट बघता क्षणी कळतं. अनुभवी माणूस फाट्याच्या अलीकडेच चालकाला घंटी देऊन गाडी हळू करायला लावतो, मागचे संपवतो, मग टप्पा बदलतो आणि मगच दार उघडतो. गर्दीत तिकीट दारात द्यायचं, आत शिरल्यावर नाही, ही जुनी रीत मशीन आल्यावरही मोडलेली नाही.

सगळ्यात जास्त चुका मात्र पैशाच्या तिकिटात होत नाहीत, बिनपैशाच्या तिकिटात होतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ वर्षांवरच्या माणसाला राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत बायकांना निम्मं भाडं झालं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आहेच, ५ ते १२ वर्षांच्या लेकरांनाही निम्मं. बाजाराच्या दिवशी गाडीत नजर टाका, पूर्ण भाडं देणारे बोटावर मोजण्याइतके दिसतील. म्हणजे मशीनचं निम्म्याहून अधिक काम आता पैसे घेण्याचं राहिलेलं नाही, कुणाला किती सवलत दिली ते लिहून ठेवण्याचं आहे. ही सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं, आणि भरून देतं ते नोंदीवर. शून्य रुपयांचं तिकीट निघालं नाही तर तो म्हातारा कागदोपत्री गाडीत बसलाच नाही, आणि त्याच्या वाट्याचं भाडं कुणाकडेच मागता येत नाही.

आजोबांना हे पटत नाही. "मास्तर, फुकट हाय मला, कशाला कागद फाडता?" हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो. त्यावर वाद घालू नये. तिकीट हातात द्यावं आणि सांगावं की बाबा, उतरेपर्यंत हे जपा, तपासणीवाले आले तर हेच दाखवायचं. पथक गाडीत चढलं की आधी डोकी मोजतं आणि मशीनमधून त्या टप्प्यावरच्या चालू तिकिटांचा आकडा काढतं. गाडीत ४३ माणसं आणि मशीनमध्ये ४१ तिकिटं असतील, तर ते दोघे मोफतवाले होते हे तोंडी सांगून भागत नाही.

मोफत तिकीट देताना वयाचा पुरावा बघायचाच. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र, यातलं काहीही चालतं. पण आधारवर कधी कधी फक्त जन्मवर्ष असतं, तारीख नसते, आणि काठावरचं वय नेमकं ठरत नाही. बऱ्याच म्हाताऱ्यांच्या आधारावर १ जानेवारी अशी ठोकून दिलेली तारीख असते, ती मात्र मान्य धरावी. कार्डावर आहे ते आहे. मोबाइलमधलं मूळ आधार चालतं, नातवाने पाठवलेला झेरॉक्सचा फोटो मात्र धुरकट असतो आणि त्यातला आकडा वाचता येत नसेल तर नम्रपणे निम्म्याचं किंवा पूर्ण तिकीट घ्यावं लागतं. इथे माणूस ओळखीचा आहे, गावातला आहे, हे कारण हिशेबात चालत नाही.

सवलतीचा कोड वेगळीच कटकट करतो. समजा ६८ वर्षांच्या मावशी आहेत. महिला म्हणून निम्मं, ज्येष्ठ म्हणूनही निम्मं. दोन्ही कोडांनी भाडं तेच येतं, मावशींना फरक पडत नाही, वाहकाच्या पिशवीलाही पडत नाही. पण दोन योजनांचे हिशेब वेगळे असतात आणि चुकीच्या कोडाखाली गेलेली तिकिटं प्रतिपूर्तीच्या यादीत चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतात. अशा दुहेरी पात्रतेला कोणता कोड दाबायचा ते आगाराच्या सूचना फलकावर असतं. ते कामगिरीवर निघण्याआधी पाठ असावं, गाडीत आठवत बसायला वेळ मिळत नाही. दोन सवलती एकावर एक लावून पाव भाडं कधीच होत नाही, हेही प्रवाशाला एकदाच शांतपणे सांगावं.

मराठवाड्याची खरी गंमत हद्दीवर आहे. उदगीरहून बिदरची गाडी कमलनगरच्या अलीकडे कर्नाटकात शिरते, देगलूरहून मदनूरकडे निघालेली तेलंगणात शिरते, उमरग्याची बसवकल्याणकडे जाते. महाराष्ट्राच्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. बिदरला निघालेल्या बाईचं भाडं दोन तुकड्यांत येतं: हद्दीच्या टप्प्यापर्यंत निम्मं, पुढे पूर्ण. ७५ वर्षांच्या आजोबांना हद्दीपर्यंत शून्य, पुढचे पैसे. मार्ग मशीनमध्ये बरोबर भरलेला असेल तर ही फोड आपोआप होते. पण मार्ग निवडताना आंतरराज्य मार्गाऐवजी फक्त हद्दीपर्यंतचा निवडला गेला, तर पुढचे टप्पे पडद्यावर येतच नाहीत. मग घाईत ट्रेमधलं कागदी तिकीट फाडलं जातं आणि हद्दीची फोड हाताने करावी लागते.

त्यात शेजारच्या राज्यांच्या योजना मिसळतात. कर्नाटकात शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून, तेलंगणात महालक्ष्मी योजनेत ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना त्या त्या राज्याच्या गाड्यांत मोफत प्रवास आहे. साहजिकच मदनूरच्या बाजूने आलेल्या ताई विचारतात, तिकडे फुकट, मग इथे पैसे कशाचे? उत्तर एकच: योजना राज्याची आणि राज्याच्या महामंडळाच्या गाडीपुरती. त्यांची योजना आपल्या लाल गाडीत चालत नाही, तशी आपली निम्म्याची सवलत त्यांच्या गाडीत चालत नाही. हे वाक्य मराठीत, दख्खनी हिंदीत आणि थोडं कानडी-तेलुगूत येत असलं की या मार्गांवर कामगिरी सोपी जाते.

आता कार्ड. कुठलंही टॅप करायचं स्मार्ट कार्ड घ्या, त्यात बॅटरी नसते. कडेने धातूच्या तारेची वेटोळी असतात आणि एक बारीक चिप. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झची लहर सोडतं, वेटोळ्यात तेवढ्यापुरती वीज तयार होते, चिप जागी होते आणि बोलते. म्हणून कार्ड चार-पाच सेंटिमीटरच्या आतच वाचलं जातं आणि आवाज येईपर्यंत ते तिथे स्थिर धरावं लागतं. पोरं कार्ड मशीनवरून चापटी मारल्यासारखं फिरवतात. चिप जागी होऊन उत्तर देईपर्यंत कार्ड निघून गेलेलं असतं. सेकंदभर टेकवून ठेवायचं, बस्स.

कार्ड न वाचण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं कारण भोक. शाळेच्या पासाला दोरी घालून गळ्यात अडकवायचं म्हणून कोपऱ्यात पंच मारतात आणि नेमकी कडेची तार तुटते. कार्ड दिसायला नवंकोरं, आतून मेलेलं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या पाकिटाला दोरी लावावी, कार्डाला हात लावू नये. दुसरं, एकाच पाकिटात दोन-तीन टॅपची कार्डं. मशीनला एकदम दोन चिपा उत्तर देतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही. बँकेचं कार्ड बाजूला काढायला सांगावं. तिसरं, पाकिटातली पान-सुपारीची चंदेरी पुडी. धातू लहर अडवतो. चौथं, मागच्या खिशात ठेवून बसल्याने कार्ड वाकतं आणि चिपेचा सांधा सुटतो. कार्ड मधे हलकंसं दाबून टेकवल्यावर एखादेवेळी वाचलं जातं, पण असं कार्ड बदलून घ्यायलाच सांगावं.

पासाच्या कार्डात पैसे नसतात, हक्क असतो: कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत. विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तो तिसरा हिस्सा भरतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. नळेगाव ते लातूर पास असलेला मुलगा उदगीरला मामाकडे निघाला, तर नळेगावापर्यंत पास आणि पुढचं साधं तिकीट. मुदत काल संपली असेल तर मशीन लाल दाखवतं आणि तिथे दयामाया चालत नाही, कारण नोंद झालेली असते. पालकांनी पासाची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तर बरंच रडगाणं वाचेल.

पैशाच्या कार्डाची तऱ्हा वेगळी. पुण्यात शिकणारी पोरं सुट्टीला येताना मेट्रोत चालणारं राष्ट्रीय मोबिलिटी कार्ड घेऊन येतात. ४ मार्च २०१९ ला सुरू झालेलं हे रुपेचं कार्ड देशभर एकाच पद्धतीचं आहे. पण देशभर एक पद्धत असली, तरी त्या त्या सेवेने ते आपल्या मशीनवर चालू केलेलं असावं लागतं. पद्धत चांगली आहे, कारण भाडं कापायला रेंज लागत नाही. पैसे चिपमध्येच असतात, जास्तीत जास्त २,००० रुपये, आणि पिनही लागत नाही. पण याच गुणामुळे एक गोंधळ होतो. अॅपवरून ५०० रुपये भरले, बँकेचा संदेश आला, तरी कार्ड टॅप केलं की 'शिल्लक अपुरी'. ते पैसे बँकेच्या बाजूला जमा झालेले असतात, चिपमध्ये उतरलेले नसतात. ते उतरवायला रेंजवर असलेल्या मशीनला कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते. पाकिटातलं कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे रोख हरवल्यासारखेच धरावेत.

मेट्रोत कार्ड दोनदा लावतात, आत जाताना आणि बाहेर पडताना, कारण कुठे उतरणार ते फाटकाला माहीत नसतं. एसटीत प्रवासी गाव आधीच सांगतो, म्हणून एकदाच पुरतं. बाहेर पडताना टॅप करायची सक्ती लाल गाडीत कधी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू घेऊन उतरणारी बाई त्यात हमखास चुकेल आणि शेवटच्या टप्प्यापर्यंतचं भाडं तिलाच बसेल.

हरवलेलं कार्ड बंद करायची यादी मुख्य यंत्रणेकडून मशीनमध्ये उतरते, आणि ती रेंज मिळेल तेव्हाच उतरते. मुक्कामी गाडीतल्या मशीनला आज दुपारी बंद केलेलं कार्ड उद्या सकाळपर्यंत चालूच दिसू शकतं. तक्रार केल्या केल्या कार्ड सगळीकडे बंद झालं असं समजू नये. पासावर फोटो असेल तर तो चेहऱ्याशी जुळवून बघणं हाच तोवरचा उपाय.

यूपीआयमुळे सुट्ट्याची कटकट बरीच कमी झाली. मशीन पडद्यावर त्या तिकिटापुरता क्यूआर दाखवतं, रक्कम आधीच भरलेली असते, पैसे आल्याची खबर मशीनला मिळाली की तिकीट छापलं जातं. म्हणजे प्रवाशाच्या फोनला रेंज हवी आणि मशीनलाही हवी. अडचण येते ती दोन्हीपैकी एकाची रेंज मधेच गेली तर. प्रवाशाच्या फोनवर हिरवी खूण, मशीनवर गोल फिरणारं चक्र. अशा वेळी दुसरा क्यूआर काढून पुन्हा पैसे घेऊ नयेत आणि फोनवरची हिरवी खूण बघून रोखीचं तिकीटही काढू नये. रोखीचं काढलं तर ती रक्कम रात्री आपल्या पिशवीतून भरावी लागते. आधी मशीनवरच 'स्थिती तपासा' करायचं, पुढच्या गावात रेंज आली की बहुतेक वेळा तिकीट निघतं. नाहीच निघालं तर रोख घ्यायची आणि प्रवाशाला व्यवहार क्रमांक जपून ठेवायला सांगायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, दुकानदाराकडे खबर न पोचलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला हवा. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे सांगितलं की माणूस शांत होतो. गाडी सुटायच्या आधी, स्थानकात रेंज आहे तोवरच यूपीआयवाले उरकून घ्यावेत, रोखवाले वाटेत होतात.

मशीन पूर्णच बसलं तर ट्रे काढायचा. कागदी तिकीट फाडण्याआधी मशीन कोणत्या टप्प्यावर, किती वाजता आणि कितव्या तिकिटावर बंद पडलं ते वेबिलावर लिहायचं, आणि ट्रेमधल्या प्रत्येक किमतीच्या गड्डीचा सुरुवातीचा क्रमांकही लिहायचा. हे राहिलं की पथकाला कुठली तिकिटं आधीची आणि कुठली नंतरची ते सांगता येत नाही. ट्रेवर काम करतानाही सवलतीच्या आणि शून्याच्या प्रवाशांची नोंद सुटू द्यायची नाही. घाईत नेमकी तीच सुटते.

प्रत्येक फेरीच्या शेवटी मशीनमध्ये फेरी बंद करायची आणि तिचा कागद काढायचा. परतीची फेरी जुन्याच फेरीत चालू ठेवली तर उत्पन्न दोन फेऱ्यांचं, किलोमीटर एकाचे, भारमान (भरलेल्या जागांचं टक्केवारीतलं प्रमाण) शंभराच्या वर. आगारात हसं होतं आणि दुरुस्तीचा अर्ज लिहावा लागतो. चुकून निघालेलं तिकीट प्रवाशाकडून परत घेऊन वेबिलाला टाचायचं, मागे कारण लिहायचं. टाचलेलं नसेल तर ते विकलेलंच धरतात.

रात्री खिडकीवर मशीनचा एकूण आकडा निघतो. त्यातून यूपीआय आणि कार्डाची रक्कम वजा, ट्रेच्या तिकिटांची अधिक, उरली ती रोख. कमी पडली तर भरायची, जास्त निघाली तरी जमा करायची, खिशात ठेवायची नाही. रोखपालाला पैसे देण्याआधी सवलतीच्या गोषवाऱ्यावर एक नजर टाकावी: शून्याची तिकिटं किती, महिलांची किती, ज्येष्ठांची किती. बाजाराच्या दिवशी उदगीरच्या फेरीत शून्याची तीनच तिकिटं निघाली असतील तर कोड चुकलाय हे न मोजताही कळतं, आणि वेबिल जमा व्हायच्या आत ते सांगितलं तर शेरा मारून घेता येतो. मग मशीन चार्जिंगच्या खणात ठेवायचं आणि सगळी तिकिटं मुख्य यंत्रणेकडे गेल्याची खूण पडद्यावर आली की नाही ते बघूनच पावतीवर सही घ्यायची.